बंडूनं हात वर केला नाही

आमच्या बाबांकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की माझ्या लग्नात सासरच्या एका काकांनी भर पंगतीत विचारलं, "व्याही, ते टाचेचं कधी सांगता?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सुरुवात केली. वरण गार झालं तरी गोष्ट संपेना. मी मांडवात बसून दातओठ खात होते.

मी पौर्णिमा. अकोला आगारात कंडक्टर आहे. तिखट बोलण्याबद्दल माझं नाव अख्ख्या आगारात झालेलं आहे आणि ते काही खोटं नाही. फुकट्या प्रवाशाला मी भर उन्हात वाटेत उतरवते आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण घरी बाबांपुढे माझं काही चालत नसे. आई गेल्यावर दर्यापूरकडच्या गावातून मी त्यांना अकोल्याला माझ्याकडे आणलं, आणि तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर टाच, रात्रीच्या भाकरीबरोबर टाच. "मी शिवलो होतो त्याले. डाव्या टाचेले. बोटाच्या शेंड्यानं. आन् बंड्यानं हात वर केला नाई."

काय ते एकदा सांगूनच टाकते.

बाबांचं नाव पुंजाजी. तरुणपणी ते कबड्डी खेळत. गावाच्या संघात नव्हे, कारण गावाच्या संघात आमच्या वस्तीतला कुणी नसायचा, आणि का नसायचा हे कुणी लपवतही नव्हतं. कबड्डीत समोरचा चढाई करून आला की बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. आता महारवाड्यातल्या माणसाचा हात धरायचा कुणी? "तुमी खेळता झकास, बाप्पा," असं पाटलाचा मुलगा बाबांना म्हणाला होता, "पन साखळी कशी करावं?" त्याला खरोखरच अडचण वाटत होती, असं बाबा सांगत. ते कधी चिडून सांगत नसत. चिडायचं काम माझ्याकडे होतं.

मग दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, अकोट या बाजूच्या वस्त्यांनी मिळून आपली आपणच स्पर्धा काढली. बहात्तरच्या दुष्काळाआधीचे दोन हिवाळे ती चालली. तिला धड नावही नव्हतं, वस्त्यांची कबड्डी म्हणत. कापूस वेचून, गव्हाला पाणी देऊन माणसं तशीच मैदानात उतरायची. दूरचे लोक आदल्या दिवशीच चालत निघायचे आणि ज्या वस्तीत सामना तिथेच जेवायचे. आजी सांगायची की त्या दोन हिवाळ्यांत आमच्या घरचं पीठ कधी पुरलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. शेवटच्या सामन्याला अब्दुल रहीम नावाचे बैलांचे व्यापारी दर्यापुरातली आपली जागा देत. जिंकणाऱ्या संघाला एक मोठी सतरंजी मिळायची, बस.

पंच नव्हते. शहरातल्या पंचांना निरोप गेला होता, तर ते म्हणाले, तुमच्या स्पर्धेला मान्यता नाही. वस्तीतलाच एखादा पंच केला असता तर दुसऱ्या वस्तीनं मानला नसता. भाऊबंदकीत आम्हीही कुणाला हार जाणारे नाही. तेव्हा या लोकांनी असा एक नियम केला, जो दुसऱ्या कुणी केला नसता. ज्याला समोरच्याचा हात लागला, मग तो चढाईवाला असो की बचाववाला, त्यानंच आपला हात वर करायचा आणि रेषेबाहेर जाऊन उभं राहायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी वाद घालायचा नाही. ज्याला लागला त्याचा शब्द शेवटचा. बाहेर गेलेला तिथेच उभा राहायचा, आणि समोरच्यांचा एक जण बाद झाला की हा जिता होऊन आत यायचा. एक बाद तर एक जिता. सगळं गाव आपल्याला शिवल्यावर आंघोळ करतं, तर निदान आपण तरी एकमेकांचं शिवणं खरं मानू, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. हे माझं झालं. बाबा एवढंच म्हणत, "दोन हिवाळे कोनी खोटं नाई बोललं. एकजन सोडून."

तो एक जण म्हणजे मोर्शीकडचा बंडू खंडारे. दुसऱ्या हिवाळ्यातला शेवटचा सामना, बाबांची वस्ती आणि बंडूची वस्ती, गुण अगदी सारखे. बाबा चढाईला गेले. बंडू चपळ, हाताला लागेना. शेवटी तो वळून मागे पळाला तेव्हा बाबांनी जमिनीसरसं अंग टाकलं आणि त्यांचं बोट त्याच्या डाव्या टाचेला लागलं. लागलं आणि बाबा परत रेषेवर पोचलेही. वळून बघतात तर बंडू कमरेवर हात ठेवून जागेवरच उभा. रस्त्याकडे बघत. रस्त्यावर एक जीप उभी होती. अमरावतीच्या एका मोठ्या मंडळाची माणसं खेळ बघायला आली होती, त्यांच्या कानावर या पोरांचं नाव गेलं होतं. बंडूनं हात वर केला नाही. पुढची चढाई त्याची. त्यानं आमच्या एका माणसाला हात लावला आणि आमच्या माणसानं लगेच हात वर केला.

सतरंजी मोर्शीला गेली. बंडू जीपमधून अमरावतीला गेला.

आणि स्पर्धाही गेलीच म्हणायची. पुढच्या हिवाळ्यात ज्याला त्याला वाटायला लागलं, की आपल्यासाठीही जीप येईल. वस्तीत खेळून काय करता, असं पोरं एकमेकांना विचारायला लागली. त्यातच दुष्काळ पडला. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी भुसावळला, कुणी नागपूरला. जीप परत कधी आलीच नाही. बाबांच्या मते हे सगळं एका न उठलेल्या हातामुळे झालं. मी म्हणायचे, "बाबा, दुष्काळ बी बंडूनंच आनला का?" तर ते माझ्याशी दोन दिवस बोलत नसत. मोर्शीत माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं तेव्हा ते गेले नाहीत. तिच्या पोराच्या बारशाला, घराच्या वास्तूला, काही म्हणजे काही झालं तरी मोर्शीचं नाव काढायचं नाही.

या वर्षी होळीनंतर बाबांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलं आहे, आता जपण्यापलीकडे काही नाही. मी चेहरा कोरा ठेवून बाहेर आले, पण म्हातारा बेरकी. ऑटोत बसल्या बसल्या म्हणाले, "मले मोर्शीले ने."

"कशाले?"

"बंड्या जिवंत हाय अजून. मले त्याचा हात पायजे."

"हात म्हंजे?"

"तोंडानं काई बोलू नोको म्हना. माफी नोको, काई नोको. नुसता वर कर म्हना. मी पायतो आन् घरी येतो."

मला राग आला. मरायला टेकलेल्या माणसानं मागायचं तर काय काय मागावं! मी म्हटलं, "आन् त्यानं म्हटलं की पुंजाजी, तुयं बोट लागलंच नवतं, मंग?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुले बी तसंच वाटते काय?"

मला तसंच वाटत होतं. एक बोट, तेही शेंडा, तेही पळत्या टाचेला, आणि पन्नास वर्षांपूर्वी. मला वाटायचं की हरलेल्या माणसाला काहीतरी धरून ठेवावं लागतं, आणि बाबांनी ती टाच धरून ठेवली आहे. पण ऑटो घरी पोचेपर्यंत त्यांनी तोंड फिरवून ठेवलं होतं आणि मला त्यांची मान किती बारीक झाली आहे ते दिसत होतं. मी रजा टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नखं कापून घेतली. हाताची आणि पायाची. सामन्याआधी नखं कापावी लागतात, कुणाला ओरखडा जाऊ नये म्हणून.

सकाळच्या गाडीनं अमरावती, तिथून मोर्शीची गाडी. अमरावतीच्या स्टँडबाहेर कबड्डीच्या कुठल्याशा स्पर्धेचा मोठा बॅनर लागला होता. रंगीत बनियनमधली सहा-सात पोरं हातात हात घालून उभी. बाबा बसच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिले. खाली पोरांची नावं होती, सगळ्या प्रकारची आडनावं.

"पाय इकडे," ते म्हणाले, "धरला ना हात. काई झालं काय त्याईले?"

मोर्शीत संत्र्यांच्या वखारींच्या मागे खंडाऱ्यांचं घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक बुटकी भिंत. चैताचं ऊन असं होतं की चप्पल काढली की पाय भाजावा. दारात एक उंच, हाडकुळी बाई धान्य निवडत बसली होती. बंडूकाकांची बायको, कौशल्याबाई. बाबांनी "जय भीम" करून नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती उठून उभी राहिली. "पुंजाजी? दर्यापूरचे? बापा! तुमचं नाव तं आमच्या घरात लय निंगालं. बसा भाऊ, बसा."

बाबांची मान जराशी ताठ झाली. नाव निघत होतं म्हणजे!

पडवीत एका प्लास्टिकच्या खुर्चीत बंडूकाका बसले होते. स्वच्छ धुतलेला पायजमा, बंडी, दाढी केलेली. पायाखाली जुन्या सतरंजीचा एक तुकडा, निळे-तांबडे पट्टे विटलेले, कडा हातानं शिवलेली. कौशल्याबाईंनी आतून त्याच तुकड्याचा घडी घातलेला दुसरा अर्धा भाग आणला आणि बाबांसाठी अंथरला.

"मी नाई बसत हिच्यावर," बाबा म्हणाले.

"काहून?"

"ही सतरंजी आमची हाय."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाणीसुद्धा पोटात गेलं नाही आणि सुरुवात! पण कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या, "असन बापा. त्याईनं साताईनं सात तुकडे करून वाटून घेतले होते. आमचा तेवढा रायला." आणि तिनं तो तुकडा उचलून बाबांना साधी गोणपाटाची बसकर दिली. बाबा तिच्यावर बसले, बंडूकाकांच्या अगदी समोर.

"बंडू," बाबा म्हणाले. "मी आलो."

बंडूकाका त्यांच्याकडे बघून हसले. लहान मूल अनोळखी पाहुण्याकडे बघून हसतं तसं. मग त्यांची नजर बाबांवरून निघून अंगणातल्या कोंबडीवर गेली.

"पुंजाजी हाय मी. दर्यापूरचा. रहीमभाईच्या जागेवर खेळलो होतो आपन."

कोंबडी पडवीत आली, गेली. बंडूकाका तिच्याकडे बघत होते.

"ते नाई ओळखत आता कोनाले," कौशल्याबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाले. मलेच नाई ओळखत, भाऊ. मले ते, तुमाले खरं सांगतो, बाई म्हनून हाक मारते. वैनीसारखा मान देते." ती हसली आणि पदरानं नाक पुसलं.

मला एकदम इतकं वाईट वाटलं की मघाचा सगळा राग वितळून गेला. पन्नास वर्षं हा माणूस एका माणसावर रुसून बसला होता आणि तो माणूस घर सोडून निघून गेला होता. आता हात कुणाकडून मागायचा? सांगून तरी काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

बाबा पाणी प्यायले. मग कडवटपणे म्हणाले, "अमरावतीले मोठा खेळाडू झाला असन."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक बनियन होती. पांढरी, पाठीवर आकडा, घड्यांवर पिवळी पडलेली. बाकी कोरी.

"मी लगन होऊन आली तवा बी अशीच होती," ती म्हणाली. "म्या म्हटलं, खेळाची बनियन हाय तं मळली काहून नाई? तं बोलले नाईत. लय दिवसानं एकदा सांगतलं. दोन वर्सं बाकड्यावर बसवून ठेवलं त्याईले. गावोगाव नेत, बनियन घालून बसवत, आन् वापस आनत. एक खेप मैदानात नाई उतरवलं."

"काहून?" बाबांनी विचारलं. पण त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना ठाऊक आहे.

"साखळीत हात कोन धरन म्हने."

बाबांनी खाली बघितलं. बनियन तिनं परत घडी घालून मांडीवर ठेवली. बंडूकाकांनी हात पुढे करून तिची कड चाचपली आणि सोडून दिली.

मी घड्याळ बघितलं. परतीची गाडी दीड तासानं होती. आता इथे बसून बाबांची धाप वाढवण्यात अर्थ नव्हता. मी उठले, आणि निघताना थोरामोठ्यांच्या पाया पडायची सवय म्हणून बंडूकाकांच्या पायाशी वाकले.

"पायाले हात नोको लावू माय!" कौशल्याबाई ओरडल्याच. मी दचकून मागे झाले. "माफ कर वं. पन डाव्या पायाले तं बिलकुलच नोको. टाचेले काई लागलं ना, पानी लागो, टावेल लागो, हे हात वर करते. असा, सरळ. आन् उठून बाह्यर जाऊन त्या भिंतीपाशी उभे रायते. मंग आत म्हनून येत नाई. ओढलं तं रडते. मांगच्या मयन्यात सुनेचा हात लागला तं दुपारभर उन्हात उभे रायले, चक्कर येऊन पडले. मी आंग धुतो त्याईचं, पन टाच सोडून देतो. डॉक्टर म्हनते, डोक्याचं हाय. असन बापा."

मी बाबांकडे बघितलं.

"कोनती टाच?" बाबा म्हणाले.

"डावी."

"उजव्या टाचेले लागलं तं?"

"काई नाई करत."

बाबा बसकरीवर पुढे सरकले. मला कळलं ते काय करणार आहेत. मला त्यांचा हात धरता आला असता. रोज बसच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसांचे हात धरते मी. मी धरला नाही, कारण मलाही बघायचं होतं. जी टाच मी जन्मभर ऐकली, जिच्यावर माझा विश्वास नव्हता, ती मला बघायची होती.

बाबांनी उजवा हात लांब केला. कापलेल्या नखांचं ते बोट डाव्या टाचेपाशी आलं. त्यांनी शेंडा टेकवला आणि लगेच मागे घेतला.

बंडूकाकांचा हात वर गेला. कानाला दंड लागेल असा सरळ, पंजा उघडा. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना भीती ना लाज. हात वर ठेवूनच ते खुर्चीतून उठले, पडवी उतरले, अंगण ओलांडलं, आणि भिंतीपाशी जाऊन आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मग हात खाली घेतला. खेळ बघत उभं राहावं तसे.

"पायलं?" बाबांचा आवाज फुटला. "पायलं ना पौर्णिमा? लागलं होतं! लागलं होतं ना मायं बोट!" ते रडत होते आणि हसतही होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हो बाबा. लागलं होतं." मला वाटलं, आता हा माणूस सुखानं डोळे मिटेल. मी मनातून त्यांची माफी मागितली.

"तुमचं झालं असन तं आता त्याईले आत आना," कौशल्याबाई म्हणाल्या. ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बंडूकाका उन्हात उभे होते. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही. मी गेले, हात धरून म्हटलं, काका, चला. त्यांनी माझा हात सोडवला, नम्रपणे. कौशल्याबाईंनी भाकरीचं नाव काढलं, मुलाचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. तिनं दंडाला धरून जरा ओढलं तर त्यांचे डोळे भरून आले आणि ते भिंतीला चिकटले. खालची माती तापलेली होती, आणि ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होते, पण जागा सोडत नव्हते. तिनं आपल्या चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांना त्या दिसल्याही नाहीत. मुलगा वखारीत होता, त्याला फोन लागत नव्हता.

पडवीत बाबा उभे राहिले. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वैनी, हे घर त्याच्या बाजूचं. हो ना?"

"काय म्हनता भाऊ?"

"तुमी त्याच्या संघातल्या. मी समोरचा. या इकडे. मले शिवा."

"काय?"

"हात लावा मले. खांद्याले. त्याले दिसन असा लावा."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला समजलं होतं. मी म्हटलं, "लावा, काकू."

बाबा पडवीच्या मध्यावर आले. गुडघ्यात थोडे वाकले, दोन्ही हात पसरले आणि म्हणायला लागले, "कबड्डी कबड्डी कबड्डी." दम पुरत नव्हता. प्रत्येक शब्दाला छाती वर येत होती. मी थांबवायला पुढे झाले तर त्यांनी मला डोळ्यांनीच मागे ठेवलं. भिंतीपाशी बंडूकाकांची मान वर झाली. ते बघत होते. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते कशाकडे तरी नीट बघत होते.

कौशल्याबाईंनी हात पुढे केला आणि बाबांच्या खांद्याला लावला.

बाबांनी हात वर केला. जेवढा जात होता तेवढा सरळ. तसाच धरून ते पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी जाऊन उभे राहिले. बाद.

बंडूकाका चालायला लागले. कुणी सांगितलं नाही, कुणी ओढलं नाही. अंगणातून पडवीत आले, सावलीत आले, आणि कौशल्याबाईंच्या शेजारी उभे राहिले. मग जरा वाकले, आणि आपला डावा हात तिच्या बाजूला करून, बोटं उघडी ठेवून थांबले.

तिला कळेना. "काय पायजे? पानी पायजे?"

"हात धरा त्याचा!" बाबा फाटकापासून ओरडले. "साखळी करून रायला तो. धरा वैनी, धरा!"

तिनं धरला. बंडूकाकांची बोटं तिच्या बोटांवर घट्ट मिटली आणि ते दोघं तसेच उभे राहिले, समोरच्या चढाईची वाट बघत. कौशल्याबाई रडत होत्या. मी ओठ दाबून अंगणात आले, कारण बाबा अजून उन्हातच होते. हात खाली आला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि श्वासाबरोबर शिट्टी वाजत होती.

"बाबा, चला. झालं आता. सावलीत चला."

"कसा येऊ?" ते म्हणाले. "मी बाद हाय."

"बाबा!"

"आमच्यातल्या कोनी त्याले शिवलं तं मी जिता. असंच आत यायचं नसते."

"मंग मी शिवते," मी म्हटलं आणि वळलेही. "मी तुमच्या बाजूची हाय ना?"

त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या थकलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"नोको," ते म्हणाले. "आताच आत गेला तो. पुन्हा बाह्यर नोको काढू त्याले."

मी त्यांच्याशी भांडले नाही. पर्समधली छत्री काढली, उघडली, आणि त्यांच्या डोक्यावर धरून फाटकापाशी उभी राहिले. त्यांच्या संघातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.